सामाईक दप्तराचीं दारें



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटण्याचा संभव आहे. फाइलींची देवघेव करणारा सर्व्हर ठराविक जाळ्यांपुरताच मर्यादित कसा ठेवावा, असा तो विषय आहे. हें काम तंत्रज्ञांचें, आपल्याला त्याचें काय, असें पुष्कळांना वाटेल. परंतु नांदेड किंवा लातूर येथील कोणत्याहि वकिलाच्या कचेरींत, डॉक्टरांच्या दवाखान्यांत, हिशेबतपासनिसाच्या खोलींत वा शिकवणीवर्गांत आज डोकावून पाहिलें, तर कोपऱ्यांत एक पेटी अखंड गुणगुणत असलेली पुष्कळदां दिसते, आणि त्या जागेंतील सारें दप्तर तिच्या पोटांत सांठविलेलें असतें. रोग्यांचे तपासणी-अहवाल, पक्षकारांचे दस्तऐवज, विद्यार्थ्यांचे गुण, दुकानदारांचे जमाखर्च हें सर्व जेथें राहतें त्या जागेला दारें किती, आणि तीं कोणत्या बाजूंना उघडतात, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोंपवून चालणार नाहीं. तो घरच्या कर्त्या माणसानें विचारावयाचा प्रश्न आहे.

प्रथम ही सोय काय आहे तें पाहूं. एका संगणकावर ठेवलेलीं कागदपत्रें शेजारच्या टेबलावरील दुसऱ्या संगणकावरून, जणुं तीं त्याच यंत्रांत आहेत अशा रीतीनें, उघडतां यावीं यासाठीं संगणकांची आपसांत बोलण्याची एक भाषा ठरलेली आहे. एस्‌एम्‌बी या तीन अक्षरांनीं ती ओळखली जाते. १९८० नंतरच्या दशकांत आय्‌बीएम्‌ कंपनींत तिचा जन्म झाला आणि पुढें मायक्रोसॉफ्टच्या विंडोजबरोबर ती जगभर पसरली. विंडोजखेरीज इतर व्यवस्थांवर चालणाऱ्या यंत्रांना ही भाषा शिकविण्याचें काम अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्यानें ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथें १९९१ च्या अखेरीस हातीं घेतलें. एस्‌, एम्‌ आणि बी हीं अक्षरें याच क्रमानें येतील असा शब्द धुंडाळतां धुंडाळतां त्याला ‘सांबा’ हें एका नृत्याचें नांव सांपडलें, आणि त्याच्या सॉफ्टवेअरला तेंच नांव पडलें. सांबा विनामूल्य आहे, त्याची घडण कोणालाहि उघडून पाहतां येते, आणि लिनक्सवर तो उत्तम चालतो. बाजारांत मिळणाऱ्या तयार साठवण-पेट्यांपैकीं पुष्कळांच्या पोटांतहि तोच असतो. म्हणजे ज्यांनीं सांबाचें नांव कधीं ऐकलें नाहीं, त्यांच्याहि घरीं तो नांदत असण्याचा संभव आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. संगणक जाळ्याला जेथें जोडला जातो त्या जागेला ‘नेटवर्क इंटरफेस’ असें म्हणतात. आपण आजच्यापुरतें त्याला रस्त्याचें तोंड म्हणूं. एका यंत्राला असें एकच तोंड असतें अशी सामान्य समजूत आहे. ती बरोबर नाहीं. भिंतींतून आलेल्या तारेचें एक तोंड, बिनतारी वायफायचें दुसरें, दूरच्या शाखेशीं खाजगी मार्गानें जोडणाऱ्या व्हीपीएन्‌चें तिसरें, इंटरनेटची तार थेट त्याच यंत्रांत आणून सोडली असल्यास तिचें चौथें, आणि यंत्र स्वतःशींच बोलतें तें ‘लूपबॅक’ नांवाचें, बाहेर कोठेंहि न जाणारें, पांचवें. जाळ्याला जोडलेल्या अशा प्रत्येक तोंडाला आपआपला पत्ता असतो.

लातूरच्या श्रोत्यांना हें चित्र डोळ्यांपुढें आणण्यास कष्ट पडूं नयेत. १९१७ सालीं उभारलेली तेथील गंजगोलाई आठवावी. मध्यभागीं वर्तुळाकार दुमजली इमारत, आणि चोहोंकडून तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. त्या रस्त्यांच्या कडेला सोन्याच्या दागिन्यांपासून मिरची-गुळापर्यंत जिनसांचे बाजार. बाजारपेठेला ही रचना उत्तम. कारण गिऱ्हाईक कोणत्याहि दिशेनें आलें तरी तें हवेंच असतें. आतां नांदेड जिल्ह्यांतील कंधारचा किल्ला आठवावा. भोंवतीं रुंद खंदक, त्याच्या आंत तट, आणि आंत शिरण्यास मोजकीच वाट. ज्यांनीं तो बांधला त्यांनीं रस्त्यांचा लोभ धरला नाहीं, कारण आंत जें ठेवावयाचें होतें तें सर्वांसाठीं नव्हतें. आपल्या दप्तराची पेटी ही गोलाई आहे कीं किल्ला आहे, हें मालकानें ठरवावयाचें असतें. आणि मालकानें कांहींच ठरविलें नाहीं, तर सांबा ती गोलाई आहे असें धरून चालतो.

असें कां व्हावें, हें समजून घेण्यासारखें आहे. फाइली देणारी सेवा सुरू होतांना यंत्राच्या मूळ व्यवस्थेला कळविते कीं, ‘मी अमुक पत्त्यावर, ४४५ क्रमांकाच्या खिडकीशीं बसलें आहें; कोणी आलें तर माझ्याकडे पाठवा.’ या खिडकीला ‘पोर्ट’ म्हणतात. कळविलेला पत्ता एखाद्या विशिष्ट तोंडाचा असूं शकतो, किंवा नुसत्या चार शून्यांचा असूं शकतो. चार शून्यांचा अर्थ ‘कोठेंहि नाहीं’ असा नसून ‘सर्वत्र’ असा आहे. सांबा आपण होऊन चार शून्यांवर बसतो. बसविल्या दिवशीं सारें विनासायास चालावें, हा त्यामागील हेतु वाईट नाहीं. परंतु ‘सर्वत्र’ या शब्दांत आज असलेल्या रस्त्यांबरोबर उद्यां होणारे रस्तेहि येतात, इकडे आपलें लक्ष जात नाहीं. एखाद्या दुपारीं नेहमींची तार तुटते, काम अडतें, म्हणून कारकून आपला मोबाइल यंत्राला जोडून इंटरनेट घेतो. त्या क्षणीं एक नवें तोंड उघडतें, आणि दप्तराची सेवा कोणाचीहि परवानगी न घेतां तेथेंहि जाऊन बसते. कारकुनाचा दोष नाहीं. त्यानें काम चालू ठेवलें. दोष त्या न घेतलेल्या निर्णयाचा आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, परवलीचा शब्द घातलेला आहे, मग दार कोठेंहि असेना! या म्हणण्याचें उत्तर २०१७ या एका वर्षानें तीन वेळां दिलें आहे.

त्या वर्षीं १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा खंडणीखोर किडा जगांत सुटला. विंडोजच्या याच एस्‌एम्‌बी सेवेंतील एका दोषांतून तो आंत शिरे. त्याला परवलीचा शब्द लागत नव्हता, कोणीं चुकून एखादें पत्र उघडावें याचीहि जरुरी नव्हती; दोष असलेल्या यंत्राची ४४५ क्रमांकाची खिडकी हातीं लागली कीं त्याचें काम होई. अल्पावधींत तो सुमारें दीडशें देशांत पोंचला. आपल्याकडे आंध्र प्रदेशांतील पोलिसांचे कांहीं संगणक त्याच्या तडाख्यांत सांपडले, आणि इंग्लंडांतील सरकारी आरोग्यसेवेच्या सुमारें एक तृतीयांश संस्थांना त्याचा उपद्रव झाला. या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजींच प्रसिद्ध केलेली होती; पण ती अनेकांनीं बसविलीच नव्हती. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानें त्याच वर्षीं या प्रकरणाविषयीं जो अहवाल दिला, त्यांतील एक निष्कर्ष आपल्या विषयाशीं नेमका जुळतो. दुरुस्ती बसविलेली असो वा नसो, इंटरनेटकडील बाजूचा बंदोबस्त नीट राखला असता तरी या संस्थांचा बचाव झाला असता, असें त्या अहवालाचें सांगणें आहे.

हा तर विंडोजचा दोष, आमचा सांबा निराळा, असें समाधान ज्यांनीं मानलें त्यांचें तें समाधान बारा दिवस टिकलें. २४ मे रोजीं सांबाच्या कर्त्यांनींच जाहीर केलें कीं, २०१० मध्यें निघालेल्या ३.५ या आवृत्तीपासून पुढच्या सर्व आवृत्तींत एक गंभीर दोष आहे. सामाईक कप्प्यांत लिहिण्याची ज्याला मुभा आहे असा मनुष्य तेथें घातक फाइल ठेवून ती सर्व्हरकडूनच चालवून घेऊं शके. दुरुस्ती लगेच निघाली; पण सात वर्षें तो दोष जागोजाग वस्तीला होता. कुलूप आज कितीहि भक्कम दिसलें, तरी त्याचा एखादा दोष अजून कोणाला सांपडावयाचा असेल. जेथें दारच नाहीं, तेथें मात्र कुलपाच्या दोषानें कांहीं बिघडत नाहीं.

तिसरा प्रसंग आपल्या महाराष्ट्रांतील आहे. २७ जून २०१७ रोजीं ‘नॉटपेट्या’ नांवाचा दुसरा किडा युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीबरोबर कचेऱ्यांत शिरला आणि मग आंतल्या आंत, याच एस्‌एम्‌बीच्या वाटेनें व चोरलेल्या परवलीच्या शब्दांच्या साहाय्यानें, यंत्रामागून यंत्र घेत गेला. मर्स्क या जगद्‌व्यापी जहाज कंपनीला त्यानें ग्रासलें, आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील त्या समूहाच्या टर्मिनलचें काम खोळंबलें. पुढें कंपनीच्या अध्यक्षांनीं सांगितलें कीं, ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानें उभे करावे लागले. येथें पहिला शिरकाव इंटरनेटकडील खिडकींतून झालेला नव्हता, हें मुद्दाम लक्षांत घेतलें पाहिजे. शत्रु आंत आल्यावर आंतले सर्व रस्ते एकमेकांना मोकळे असले, म्हणजे काय होतें, तें या प्रसंगानें दाखविलें. तेव्हां बाहेरचा रस्ता तेवढा धोक्याचा आणि घरांतले सगळे सुरक्षित, असा सरळ हिशेब मांडतां येत नाहीं.

आतां उपायाकडे येऊं. सांबाचे सर्व नियम ‘एस्‌एम्‌बी डॉट कॉन्फ’ नांवाच्या एका साध्या फाइलींत लिहिलेले असतात. तिच्या ‘ग्लोबल’ या आरंभींच्या भागांत दोन ओळी घालावयाच्या. पहिल्या ओळीचें नांव ‘इंटरफेसेस’. तिच्यापुढें ज्या तोंडांवर सेवा द्यावयाची त्यांचीं नांवें किंवा पत्ते लिहावयाचे. समजा, कचेरीच्या तारेचें नांव ‘ईटीएच्‌ शून्य’ आहे, तर तें आणि लूपबॅकचें ‘एल्‌ओ’ हें नांव, अशीं दोन नांवें पुरतात. दुसरी ओळ ‘बाइंड इंटरफेसेस ओन्ली’ ही; तिच्यापुढें ‘येस’ लिहावयाचें. नुसती पहिली ओळ लिहून जे थांबतात त्यांची फसगत होते. पहिली ओळ यादी करते. त्या यादीबाहेर बसूं नये असें बंधन दुसरी घालते. दुसरी नसेल तर फाइली देणारी सेवा पूर्ववत्‌ चार शून्यांवरच बसून राहते, आणि मालक मात्र आपण बंदोबस्त केला अशा समजुतींत निर्धास्त झोंपतो.

या कामांत तीन ठिकाणीं पाय घसरतो. लूपबॅक हा रस्ता बाहेर जात नाहीं, मग तो यादींत कशाला, असें वाटून कांहींजण तो गाळतात. आणि मग परवलीचा शब्द बदलण्याचें ‘एस्‌एम्‌बीपासवर्ड’ हें साधन अडून बसतें, कारण त्याला सेवेशीं बोलावयाचें असतें तें याच आंतल्या वाटेनें. दुसरी अडचण पत्त्याची. राउटर दर वेळीं नवा पत्ता वांटीत असेल आणि यादींत जुनाच पत्ता लिहिलेला असेल, तर एके दिवशीं दप्तर कोणालाच उघडत नाहीं. म्हणून अशा यंत्राला पत्ता कायमचा नेमून द्यावा, किंवा यादींत पत्त्याऐवजीं तोंडाचें नांव लिहावें. तिसरी अडचण विजेची. वीज जाऊन आली कीं पेटी आणि राउटर एकाच वेळीं जागे होतात. तोंडाला पत्ता मिळण्यापूर्वींच सांबा उठला, तर बसावयाला जागाच न दिसल्यामुळें त्या रस्त्यावर तो बसत नाहीं. जाळें सिद्ध झाल्यावरच सेवा सुरू व्हावी, असा क्रम लावून घेतला म्हणजे ही तक्रार राहत नाहीं.

नियम लिहिल्यावर ‘टेस्टपार्म’ ही आज्ञा चालवावी. ती लिहिण्यांतील चुका सांगते. मग सेवा एकदां पूर्ण बंद करून पुन्हां सुरू करावी. त्यानंतर ‘एस्‌एस्‌’ या आज्ञेनें कोणती सेवा कोणत्या पत्त्यावर बसली आहे याची यादी पाहावी. ४४५ आणि जुन्या पद्धतीचा १३९ या क्रमांकांशेजारीं अजून चार शून्यें दिसत असतील, तर काम झालेलें नाहीं असें समजावें. शेवटीं ज्या रस्त्यावरून दप्तर उघडूं नये, त्या रस्त्यावर स्वतः उभें राहून तें उघडण्याचा प्रयत्न करावा. दाराला कडी लागली कीं नाहीं, हें बाहेरून ढकलून पाहिल्यावांचून कळत नाहीं.

इतकें केलें म्हणजे सर्व झालें, असें मात्र मी सांगणार नाहीं. या उपायाला मर्यादा आहेत, आणि त्या ठाऊक असणें हाहि बंदोबस्ताचाच भाग आहे. दवाखान्यांत वाट पाहत बसलेल्या रोग्यांसाठीं जें वायफाय खुलें ठेवलें आहे, तें आणि आंतल्या खोलीचें जाळें हीं दोन्ही एकच असतील, तर रोगी आणि डॉक्टर एकाच रस्त्यानें पेटीपाशीं येतात. रस्त्याच्या तोंडाशीं बसलेल्या सेवेला त्यांच्यांतील भेद कळत नाहीं. तेथें प्रथम पाहुण्यांचें जाळें निराळें काढलें पाहिजे. बहुतेक नव्या राउटरांत ही सोय असते.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. सांबा बसतो तो पत्त्यावर, आणि लिनक्सच्या दृष्टीनें पत्ता हा एका तोंडाचा नसून सबंध यंत्राचा असतो. त्यामुळें आंतल्या पत्त्याच्या नांवानें निघालेलें टपाल दुसऱ्या एखाद्या तोंडाशीं येऊन ठेपलें, तर यंत्र तें परत पाठवीलच असें नाहीं. शेजारच्या जाळ्यांतील जाणत्या माणसाला एवढी फट पुरते. म्हणून कोणतें टपाल कोणत्या तोंडानें आंत घ्यावें हें ठरविणारी ‘फायरवॉल’ हवीच. त्याचप्रमाणें यंत्रांचीं नांवें जुन्या पद्धतीनें पुकारणारा सांबाचा जो ‘एन्‌एम्‌बीडी’ नांवाचा सोबती आहे, त्याच्या बाबतींत हें बंधन भरंवशाचें समजूं नये, असें सांबाच्या माहितीपत्रकांतच सांगितलें आहे. जुनीं यंत्रें उरलीं नसतील, तर तो सोबती बंद ठेवावा हेंच बरें.

आपण यादींत लिहूं शकतों असा आणखी एक नियम म्हणजे ‘होस्ट्स अलाउ’. कोणत्या पत्त्याच्या यंत्रांना प्रवेश द्यावा, हें तो ठरवितो. परंतु आलेला पाहुणा खिडकीशीं पोंचून बोलूं लागल्यावर हा नियम त्याला परत लावतो. खिडकी त्या रस्त्यावर असतेच. तोंडांचें बंधन घातलें म्हणजे त्या रस्त्यावर खिडकीच राहत नाहीं. कंधारच्या किल्ल्याचाच दाखला द्यावयाचा, तर फायरवॉल हा खंदक, तोंडांची निवड म्हणजे तटाला दरवाजा कोठें ठेवावा याचा निर्णय, ‘होस्ट्स अलाउ’ हा दरवाजावरचा पहारेकरी, आणि परवलीचा शब्द ही आंतल्या कोठीची किल्ली. यांपैकीं एक आहे म्हणून दुसरें नको, असें किल्ला बांधणारा कधीं म्हणाला नसता.

आमच्या घरीं राउटर आहे, तो बाहेरच्यांना आंत येऊं देत नाहीं, असेंहि पुष्कळ लोक सांगतात. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांपुरतें तें बऱ्याच अंशीं खरें आहे; कारण घरांतलीं सर्व यंत्रें एकाच बाह्य पत्त्याआड दडलेलीं असत. आय्‌पी आवृत्ति सहा या नव्या पद्धतींत मात्र घरांतील प्रत्येक यंत्राला जगांतून दिसूं शकेल असा स्वतःचा पत्ता मिळूं शकतो. तेथें दडण्याची आपोआप मिळालेली सोय उरत नाहीं. राउटरची फायरवॉल चालू असेल तरच संरक्षण असतें. म्हणून यादी पाहतांना चार शून्यांबरोबर या नव्या पद्धतीचें ‘सर्वत्र’ दर्शविणारें, लागोपाठ दोन अपूर्णविरामांचें चिन्हहि पाहून घ्यावें.

शेवटीं आपल्या दोन गांवांच्या नित्याच्या व्यवहारांतला एक प्रश्न घेतों. ज्यांची मुख्य कचेरी नांदेडला आणि शाखा लातूरला, अशांना लातूरच्या मंडळींनीं नांदेडचें दप्तर उघडावें अशी गरज असते. ही गरज रास्त आहे. पण ती भागविण्यासाठीं पेटीची ४४५ क्रमांकाची खिडकी इंटरनेटवर उघडून देणें, हा अत्यंत घातक सोपेपणा आहे. लातूरच्या चार माणसांसाठीं उघडलेली ती खिडकी साऱ्या पृथ्वीला उघडी होते. दोन्ही ठिकाणच्या राउटरांमध्यें व्हीपीएन्‌चा बंद मार्ग बांधावा, आणि लातूरच्या मंडळींनीं त्या मार्गानें नांदेडच्या आंतल्या जाळ्यांत यावें, ही रीत योग्य होय. व्हीपीएन्‌ राउटरवर असावें असें म्हणण्याचें कारण आहे. अधूनमधून तुटणारीं, पुन्हां जुळणारीं तोंडें सांबाच्या या बंधनाला मानवत नाहींत, असा इशारा त्याच्या माहितीपत्रकांत आहे. पेटीला एकच स्थिर तोंड असावें आणि येण्याजाण्याची धांवपळ राउटरनें सांभाळावी, यांत दोघांचेंहि काम सुखानें चालतें.

आम्ही लहान माणसें, आमच्या दप्तरावर कोणाचा डोळा असणार, असें म्हणणाऱ्यांना एकच सांगणें आहे. ज्या किड्यांची हकीकत मीं सांगितली ते माणूस पाहून दार निवडीत नव्हते. ते नुसते पत्त्यांमागून पत्ते ठोठावीत जात होते. आणि ज्या रोग्यानें आपला अहवाल डॉक्टरांच्या स्वाधीन केला, ज्या पक्षकारानें आपलें खरेदीखत वकिलापाशीं ठेवलें, त्यानें तें त्या लहान माणसावर विश्वास टाकून ठेवलेलें असतें. ठेव दुसऱ्याची असली म्हणजे बेफिकिरीचा अधिकार आपल्याला राहत नाहीं.

तेव्हां उद्यां सकाळीं आपल्या तंत्रज्ञाला एवढेंच विचारावें कीं, ‘आपली पेटी कोणकोणत्या रस्त्यांवर दार उघडून बसली आहे, आणि त्यांतले कोणते रस्ते आपल्याला खरोखर हवे आहेत?’ पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘सर्व’ आणि दुसऱ्याचें ‘एक’ असें आलें, तर वर सांगितलेल्या दोन ओळी त्याच्याकडून लिहवून घ्याव्यात. बैल गेला आणि झोपा केला, अशी आपली एक म्हण आहे. या कामाला फार तर अर्धा तास लागतो. तो बैल गोठ्यांत आहे तोंवर काढावा, इतकीच विनंति करून मी आपली रजा घेतों.